घरच्या गड्याचा भाव

सौद्याचं बोलणं निघालं की शेठ खांद्यावरचा दुपट्टा काढायचे. समोरच्याचा उजवा हात आपल्या हातात घ्यायचे, दोन्ही हातांवर दुपट्टा टाकायचे, आणि आत बोटं दाबून भाव सुरू. कारंज्याच्या बाजारात कापसाचे नि बैलांचे सौदे असेच होत, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की शेठ फुटबॉलचे खेळाडूही असेच घेत. कामठीहून आलेला सेंटर फॉरवर्ड ओठ दाताखाली धरून दुपट्ट्याखालची बोटं मोजतो आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"भाव उघड्यावर बोलला का माल बिघडते," असं ते म्हणत. त्यामुळे कोणाला किती मिळतात हे त्या दोघांनाच ठाऊक असे. बाकीचे अंदाज करत, आणि दुसऱ्याच्या कमाईचा अंदाज कोणी कमी करत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

शेठ येण्याआधीचा आमचा फुटबॉल क्लब सांगितला पाहिजे, नाहीतर त्यांनी काय केलं ते कळायचं नाही. मी शाळेत मास्तर आणि क्लबचा सेक्रेटरी. सभासदाकडून वर्षाला एक रुपया वर्गणी, आणि वेचणीच्या दिवसांत धनज-इंझोरीकडच्या शेतकऱ्यांकडून टोपलीभर कापूस. ज्यांची पोरं आमच्याकडे खेळत ते टोपली भरून देत. ज्यांची खेळत नसत ते अर्धी टोपली देत आणि उपदेश मात्र भरून देत. तो कापूस विकून एक चेंडू, दोन ब्लॅडर आणि स्पर्धेच्या फीपुरते पैसे सुटत. बहुतेक वेळा आम्ही पहिल्याच सामन्यात हरून संध्याकाळच्या गाडीने परत येत असू.

एका उन्हाळ्यात घरच्याच मैदानावर आम्ही सहा गोल खाल्ले. शेठ तो सामना पाहायला होते. कापसातली सरकी काढायची त्यांची जिनिंग गावात सगळ्यांत मोठी. फुटबॉल त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता, पण गाव हरलेलं त्यांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"मास्तर, टोपल्या घेऊन कायले फिरता? भीक मांगून टीम होत नसते. ते वर्गणी-बिर्गणी बंद करा. मी आहो ना."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. दारोदार टोपली फिरवायची मला लाजच वाटे. तिथेच त्यांना हात जोडून म्हणायला हवं होतं, की शेठ, तुमचे पैसे द्या, पण आमची टोपली राहू द्या. ते मला तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या हंगामात कामठीचे पाच गडी आले. मूर्तिजापूरला गाडी बदलून छोट्या गाडीने ते उतरले, तेव्हा शेठ हार घेऊन स्टेशनवर. त्यांची झोपायची सोय जिनिंगच्या रुईच्या गोदामात होती. सकाळी सरावाला येत तेव्हा पाचही जणांचे केस कापसाने पांढरे. खेळाडू घेताना शेठ आधी पोटऱ्या दाबून पाहत. सगळ्यांत जास्त भाव त्यांनी गोलकीपरला दिला होता, कारण "हा हातानं बी खेळते अन् पायानं बी." सामना बरोबरीत सुटला की त्यांना चैन पडत नसे. "मंग सौदा कोणाचा झाला?" असं ते रेफरीला विचारत.

दोन वर्षं आम्ही स्पर्धेची ढाल जिंकून आणली. ढाल जिनिंगच्या गादीवर ठेवलेली असे आणि आलेल्या प्रत्येकाला पाणी पाजायच्या आधी दाखवली जाई.

आमचा लेफ्ट बॅक उत्तम जिनिंगमध्येच हमाली करत असे. आमच्यातला तोच एक खरा खेळाडू. कामठीचा बॅक आल्यावर तो दोरीबाहेर बसू लागला. एकदा सगळ्यांसमोर त्याने हसत हसत हात पुढे केला. "शेठ, माह्या हातावर कधी टाकसान दुपट्टा?"

"घरच्या बैलाचा भाव करते काय कोणी?" शेठ म्हणाले. ते प्रेमानेच म्हणाले, याबद्दल मला शंका नाही.

उत्तमही हसला. पुढच्या हंगामात तो मूर्तिजापूरच्या संघातून आमच्याविरुद्ध खेळला. त्याच्यामागून आणखी तिघे गेले.

मग सरकारने कापसाची खरेदी स्वतःकडे घेतली. खाजगी व्यापाऱ्याला कापूस घेता येईना. शेठची जिनिंग सरकारी कापसाच्या मजुरीवर आली. शेठची जीपही दिसेनाशी झाली. उन्हाळा आला तसा मी जाऊन म्हटलं, "शेठ, यंदा आपलीच पोरं खेळवू."

"अन् लोक काय म्हणतीन? शेठ बसला म्हणतीन." दुपट्टा खांद्यावर टाकून म्हणाले, "मी कामठीले जाऊन राह्यलो उद्या."

गेले, आणि पाच गडी घेऊन आले. संघ उपांत्य सामन्यात हरला. कोणाचा एक पैसा त्यांनी कापला नाही. सगळ्यांना गाडीत बसवून ते स्टेशनवरून पायी घरी गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते मैदानावर फिरकलेच नाहीत.

मी पुन्हा वर्गणीला निघालो. गावात उत्तर ठरलेलं होतं : "शेठचा क्लब, शेठच देईन." धनजला जे म्हातारबा दरवर्षी शिगोशीग टोपली देत, ते म्हणाले, "कापूस सरकारचा झाला, क्लब शेठचा झाला. माह्याजवळ काय हाये, मास्तर?" मी रिकाम्या टोपलीत एक वांगं घेऊन परत आलो, तेही त्यांच्या सुनेने दिलं म्हणून. क्लब मोडायला सभासुद्धा भरली नाही. मला शेठचा फार राग आला होता. स्वतःचाही आला होता, पण शेठचा करणं सोपं होतं.

वर्षभराने एका दुपारी शेठ शाळेत आले. मी वह्या तपासत होतो. समोर बसून त्यांनी खिशातून रुपया काढला आणि टेबलावर ठेवला.

"वर्गणी," ते म्हणाले.

एवढी वर्षं क्लब त्यांच्यावर चालला, पण ते सभासद कधीच नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मालकाला वर्गणी कोण मागणार?

"आता मोठं काई होत नाई माह्याच्यानं. पावती फाडा. नाव पुरं लिवा."

क्लब संपला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते काम माझं होतं, आणि माझ्याने ते झालं नाही. कपाटातून पावतीपुस्तक शोधून मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी पावती दोनदा वाचली.

"यंदा किती झाले सभासद?"

"सुरुवात आहे," मी म्हणालो.

"होतीन. उत्तमले परत आणा पण. मी सोता बोलतो त्याच्याशी." असं म्हणून ते हळूहळू पायऱ्या उतरले.

ते फाटकाबाहेर जायच्या आत मी दुसरी पावती लिहिली, माझ्या नावाची. निदान मी खोटं बोललो असं होऊ नये म्हणून.

त्या वर्षी क्लबचे दोन सभासद होते. त्यांतले एक पावसाळ्यात वारले.