सोड आणि आवळ

माझा धाकटा भाऊ बेळगुंदीत शेती करतो, शहरात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात चिखलातून, टेकड्यांवरून डर्ट बाइक पळवतो. आदल्या आठवड्यात उतारावर त्याच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकला. गाडी रताळ्याच्या शेतात घुसली आणि कोपराला टाके पडले. तरीही रविवारी दुपारी संकेश्वरजवळच्या ऊस तोडलेल्या रानात होणाऱ्या शर्यतीत त्याला उतरायचंच होतं.

"मागचा ब्रेक हाय की गं आक्का. भागतंय."

"भागत नाही," मी फोनवर म्हणाले आणि रविवारी सकाळीच टिळकवाडीहून त्याच्याकडे निघाले. येताना ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि जुने टॉवेल घेतले. आठचा पाना त्याच्याकडे होता. काम दोघांचं होतं. एकानं लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्यानं खाली चाकापाशी छोटा नट सैल करून जुनं तेल आणि ब्रेकमध्ये शिरलेली हवा नळीतून बाहेर काढायची, नट घट्ट करायचा आणि मगच वरच्यानं लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा परत आत जाते.

हे तेल रंग खातं, म्हणून टाकीवर ओला टॉवेल टाकला. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. आतलं तेल चहासारखं तांबूस झालं होतं. भाऊ चाकामागे उकिडवा बसला, मी हँडलपाशी उभी राहिले.

"धर," तो म्हणाला. मी धरलं. "सोड. आवळ."

धर, सोड, आवळ. डबी रिकामी पडू नये म्हणून मी मधेमधे भर घालत होते. तेल उजळ झालं, पण लिव्हर काही कडक होईना. उलट आधीपेक्षा मऊ लागायला लागला. बाटलीतलं तेल निम्म्यावर आलं. बाहेर टेम्पो येऊन थांबला. गाडी न्यायला आलेला त्याचा मित्र फाटकातूनच ओरडला, "झालं काय रं? तिकडं नंबर वाटाय लागलेत!"

"आलो, आलो! आक्का, ऱ्हाऊ दे. असंच नेतो."

"हात तर लाव गाडीला," मी म्हणाले. "अजून एकदा."

या वेळी मी वाकून नळीकडे बघत राहिले. "सोड," तो म्हणाला. मी सोडलं, आणि नळीतला बुडबुडा बाटलीकडे न जाता सरसर वर, गाडीत चढला.

"थांब! हे सोड, आवळ तू कुणाला म्हणतोयस?"

"कुणाला म्हंजे? माझं मलाच. नट सोडतोय, नट आवळतोय."

"आणि मी हात सोडतेय, हात आवळतेय!"

तो मागच्या मागे जमिनीवर बसला. इतका वेळ आम्ही दोघांनी मिळून नेमानं गाडीत हवा भरली होती.

"आता हातासाठी कन्नड," मी म्हणाले. "हिडी म्हणालास की धरीन, बिडू म्हणालास की सोडीन. तुझ्या नटाला तू मराठीत काय हवं ते म्हण."

"मराठी, कन्नड, दोन्हीकडची माणसं काठ्या घिऊन येतील बघ," टेम्पोवाला म्हणाला, पण तो आत येऊन टॉर्च धरून उभा राहिला.

हिडी. सोड. आवळ. बिडू. पहिल्यांदा नुसता फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे. पुढे नळीतून स्वच्छ तेल येऊ लागलं आणि माझ्या बोटांखाली लिव्हर अर्ध्यातच अडला. मी जोर लावला. तो हलला नाही.

"चढवू काय?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"आधी उतारावर बघू दे," मी म्हणाले.

घरामागच्या वाटेनं भाऊ गाडी वर घेऊन गेला. खाली रस्ता होता आणि रस्त्यावर रविवारची रहदारी. तो सुटला. खडी उडाली. मी टॉवेल घट्ट पिळत उभी होते. रस्त्याच्या बरंच अलीकडे पुढचं चाक गच्च धरलं गेलं, मागचं वीतभर उचललं आणि गाडी थांबली. त्यानं लिव्हर सोडला, परत दाबला, अजून एकदा दाबला.

"दोन बोटात थांबतीया गं!"

टेम्पोवाला माझ्याकडे बघत होता.

"चढवा," मी म्हणाले.