धाकट्याचे मासे, थोरल्याची घडवंची

फजिती माणसाची आपोआप होते म्हणतात. माझी तशी नाही झाली बाबांनो. मी ती दीड इंची पाइप मापून, कापून, आटे पाडून, तीन रविवार खपून स्वतःच्या हातानं बांधली आणि वर काळा रंगही दिला. बसा, चहा होतोय तोवर सांगतो. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी मिलमध्ये पाइप फिटर. सासुरवाडी वळसंगची. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, दोन जावई. थोरला मी. धाकटा गुरुशांत, मुंबईला एका पेढीवर कारकून. गोरा, हसरा, तेल लावून भांग पाडणारा. माणूस वाईट नाही. तेच तर माझं दुखणं. वाईट असता तर निदान सुखानं शिव्या तरी दिल्या असत्या.

हा गडी एकदा मुंबईहून मामांसाठी काचेची पेटी घेऊन आला. पेटीत पाणी आणि पाण्यात सहा लाल-सोनेरी मासे. वळसंगात जिवंत मासा, आणि तोही आमच्या लिंगायताच्या घरात? सगळं गाव लोटलं. सासूबाई पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच माशांना कणकेच्या गोळ्या घालायला लागल्या. मामा तर खुळेच झाले. ज्या गावात उन्हाळ्यात आडाचा तळ दिसतो, तिथं माशांच्या नावानं पाणी राखून ठेवायला लागले. आणि कोणी आलं की सुरू, "आमच्या धाकट्या जावयानं आणलं. सबंद आगगाडीत माशांची बादली मांडीवर धरून बसला, बगा की."

आता मला सांगा, दहा वर्षांत मी काय कमी आणलं होतं? छत्री आणली, कंदील आणला, बार्शीहून घोंगडी आणली. त्याच कंदिलाच्या उजेडात बसून ही माणसं मासे बघायची आणि कंदील कोणाचा हे एकानं विचारलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बायको म्हणाली, "तुमच्या पोटात का दुखतंय? मासंच हायत न्हवं?"

"माझ्या? छ्या. मला काय करायचंय माशांशी," असं म्हणून मी अर्ध्या ताटावरून उठलो.

पण एक गोष्ट मी हेरली होती. पेटी ठेवली होती देवदारी खोक्यावर, आणि ते खोकं डुगडुगायचं. म्हटलं, सापडली वाट. मासे त्याचे असतील, पण उभे राहतील ते माझ्या घडवंचीवर. पाण्याच्या घागरी ठेवायला घरोघरी लाकडाची असते ना, तशीच, पण लोखंडी पाइपाची. अशी की येणाऱ्यानं मासे बघायच्या आधी विचारावं, ही कोणी केली हो?

मामा शेतावर गेलेले बघून पेटीची लांबी-रुंदी वितीनं मोजून घेतली. भंगारवाल्याकडून पाइप निवडून आणले. चार पाय, वर चौकट, मध्ये आडवे दांडे. सवयीनं प्रत्येक सांध्याला सुतळी आणि सफेदाही भरला. घडवंचीतून काय वाफ जाणार होती का? पण हात ऐकत नाही.

मग मिलच्या फरशीवर उभी करून वर चार गडी बसवले. त्यांत आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ज्याला टांगेवाला दीड माणूस धरतो. पाच मिनिटं बसले. घडवंची हूं का चूं करीना.

बरोबरचा इस्माईलभाई म्हणाला, "सिद्राम, इसपे मच्छी रखते की हत्ती?"

"काय ठेवायचंय ते विचारू नको," मी म्हणालो. "कोणाच्या छातीवर ठेवायचंय ते विचार."

अधिक महिना आला. धोंड्याच्या जेवणाला दोघाही जावयांना आवतण. मी घडवंची सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधली आणि वळसंगात उतरलो. मामा दारातच उभे होते. घडवंचीला हात लावून बघितला, हलवून बघितली, हलेना. खूश झाले.

"बर्री, बर्री, या की. थोरलं जावई, ह्ये लई झ्याक काम केलंसा."

काय सांगू तुम्हाला, दहा वर्षांत पहिल्यांदा. सोप्यात घडवंची मांडली. वर पेटी ठेवून पाच घागरी पाणी ओतलं, मासे सोडले. पानं मांडली तसे मामा म्हणाले, "आज पयला पाट तुमचा."

मी गुरुशांतकडं बघितलं. तो हसत समोरच्या पाटावर जाऊन बसला. त्याला काहीच वाटलं नाही, याचाही मला राग आला.

घडवंची माझ्या पाठीशी होती. दोन धोंडे खाऊन झाले असतील, तेवढ्यात गुरुशांत माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "अण्णा, पेटी जरा कललीय का?"

बघा, पचलं नाही ना याला? मी मान न वळवता म्हणालो, "कलली बिलली काही नाही. चार माणसं बसवलीत तिच्यावर. तुझे मासे एका बाजूला गेले असतील."

"नाही अण्णा, पुढचा पाय आखूड दिसतोय."

"आखूड? सूतभर फरक निघाला तर नाव बदलीन. तू तूप घे."

तूप कसलं घेतो. तो पान ओलांडून माझ्या डोक्यावरूनच उडी मारल्यासारखा गेला. मागं वळून बघतो तर पेटी घसरून त्याच्या छातीवर आलेली. त्यानं दोन्ही हातांनी कवळा घातलाय आणि सगळं पाणी डोक्यापासून त्याच्या अंगावर. "घागर आणा, घागर," तो ओरडला. सासूबाई धावल्या. सहाच्या सहा मासे वाचले.

आणि मी काय केलं? मी घडवंचीखाली शिरलो. सांधे तपासायला. तिथं कळलं. मिलमध्ये खाली शहाबादी फरशी होती. इथं मातीची जमीन, जावई येणार म्हणून सकाळीच नव्यानं सारवलेली, वर पुढच्या बाजूला आम्ही सांडलेलं पाणी. पुढच्या पायांच्या पाइपांची उघडी तोंडं त्या ओल्या मातीत चार बोटं रुतली होती. जमिनीवर पाइप उभा करायचा तर खाली फ्लँज, म्हणजे रुंद चकती, लावतात, हे मी स्वतः चार जणांना शिकवलंय.

तरी बाहेर येऊन मी म्हणालो काय? "मामा, बघून घ्या, एक सांधा हललेला नाही."

मामांनी एकदा घडवंचीकडं बघितलं, एकदा जमिनीकडं.

"न्हाय हालला खरा. तुमची घडवंची लई पक्की हाय, जावईबापू. आमचं घरच कच्चं निगालं."

तिकडं सासूबाई पदरानं गुरुशांतचं डोकं पुसत होत्या. मामांनी आपली ठेवणीतली शाल काढून त्याच्या अंगावर घातली. आणि माझी बायको, माझी बरं का, गरम दुधाचा पेला घेऊन त्याच्याकडं धावली.

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. खोटं कशाला बोलू, नाही वाटली. मी कोरड्या डोक्यानं उभा राहून एवढाच विचार करत होतो, की पाच घागरी पाणी सांडलं, आणि तेही सगळं याच्याच अंगावर.