सरांची गिनती

मागच्या महिन्यात नागपुरात, सदरला आमच्या जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा मला ती गंमत वाटली... आता लिहायला घेतलंय तर तशी वाटत नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल. शाळेत असताना सात वर्षं सक्करदऱ्याला निखारे सरांकडे कराटे केलं. नोकरी लागल्यावर ज्युदो, आणि आता दीड वर्षापासून सदरला जिउ-जित्सू. अशी तीन ठिकाणचं पाणी प्यालेली असल्यामुळे मला एक खोड लागलीय... कोणी विचारो न विचारो, मी तुलना करत बसते. कराटेत अंतर राखून मारायचं, ज्युदोत कॉलर धरून आपटायचं, जिउ-जित्सूत खाली पाडून आवळायचं. यातलं खरं उपयोगाचं काय, यावर माझं भाषण तयारच असतं.

तर त्या दिवशी वॉर्मअपला दहापर्यंत मोजायची पाळी माझ्यावर आली. सवयीने तोंडातून कराटेची जपानी गिनती निघाली... 'इच, नी, सान, शी'. शेजारचा एक जण म्हणाला, "मॅडम, 'इची' असतं ते. इंग्रजीत इच म्हणजे खाज." अख्खा क्लास हसला.

माझ्यावर कोणी हसलेलं मला सहन होत नाही, हा जुना प्रॉब्लेम. ते हसू दुसरीकडे वळवायला मी लगेच निखारे सरांना पुढे केलं. कमरेवर हात ठेवून, पोट पुढे काढून त्यांची नक्कल केली... "इच! नी! कंबर खाली घे वं, वरातीत आली काय?" लोक पोट धरून हसले. मग आम्ही तिन्ही स्टाइल्सची तुलना करणारा एक व्हिडिओ बनवला. त्यातही कराटेच्या भागात मी तेच केलं आणि दिला नेटवर टाकून. नाव घेतलं नव्हतं. पण सक्करदऱ्यात ज्याने कधी कराटे केलंय, त्याला नाव सांगावं लागत नाही.

चार दिवसांनी सरांचा फोन. मला वाटलं रागावतील... मी उत्तरंही तयार ठेवली होती. सर म्हणाले, "व्हिडिओ पाहिला वं तुहा. एका पोरीच्या बापानं दाखवला मले. माही गिनती चुकीची हाये काय? चोवीस वर्सं झाली, तेच शिकवून राहिलो. चुकीची असन तं बरोबर लिहून पाठव. नव्या पोरायले तरी नीट सांगतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी "बघते सर" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

लिहून पाठवायचं तर आधी खात्री करायला हवी, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लंच टाइममध्ये जपानमधल्या कराटे क्लासचे व्हिडिओ शोधले. एक म्हातारे शिक्षक मुलांना मोजून देत होते. 'इच'... 'नी'... 'सान'... मी इअरफोन दाबून धरून पाच-सहा वेळा ऐकलं. मग दुसरा व्हिडिओ, मग तिसरा. शेवटचा स्वर ते लोक गिळतात. लिहायचं 'इची', पण बोलताना ऐकू येतं 'इच'. 'रोकू'चं 'रोक', 'हाची'चं 'हाच'. सरांचं होतं तसंच्या तसं.

तेव्हा आठवलं, सरांनीच कधीतरी सांगितलं होतं. तरुणपणी ते दहा दिवसांच्या एका कॅम्पला गेले होते, तिथे जपानी शिक्षक आले होते. सरांना इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, त्यामुळे जे शिकले ते सगळं कानाने. आणि आम्ही शहाणे स्पेलिंग वाचून त्यांना हसलो... चूक आमची, आणि दुरुस्त करून मागत होते ते.

हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. रविवारी सकाळी सक्करदऱ्याला गेले. तोच हॉल, तीच उखडलेली फरशी... पंधरा-वीस मुलं ओळीत पंच मारत होती. पण काहीतरी वेगळं वाटत होतं, आणि ते काय हे कळायला मला मिनिटभर लागलं. सर मोजत नव्हते. टाळ्या वाजवत होते. एक टाळी, एक पंच. भिंतीला टेकून तीन-चार पालक बसले होते आणि सर त्यांच्याकडे न बघता नुसत्या टाळ्या वाजवून राहिले होते.

दारातच मला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्या आवाजावर मुलांचे हात चालले, तो आवाज मी बंद पाडला होता. कशासाठी, तर पाच मिनिटं मला कोणी हसू नये म्हणून. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सरांजवळ गेले आणि पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं... तुमची गिनती बरोबर आहे, जपानी लोक असंच म्हणतात, चूक माझी होती, माफ करा. सरांनी फक्त एवढं विचारलं, "पक्कं ना वं? पोरायले हेच सांगू?" मी मान हलवली. "मंग उभी काहून राहिली? लाइनीत लाग."

जीन्सवरच मागच्या ओळीत उभी राहिले, माझ्या कमरेएवढ्या मुलांच्या मागे. सरांनी घसा खाकरला आणि "इच" म्हणाले. पहिलं जरा दबकत... 'सान'पर्यंत त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता. मोजता मोजता ते माझ्या मागे येऊन थांबले आणि हळूच म्हणाले, "व्हिडिओ बाकी चांगला होता. पण तुही कंबर तं आताही वरच हाये."

तो व्हिडिओ काढून टाकलाय. पण जे जे तो बघून हसले, त्यांनी हेही वाचावं म्हणून लिहिलं... टिंगल चारचौघांत केली होती, मग माफीही चारचौघांतच मागायला हवी. सर, चुकलं माझं. कंबर खाली घेतेय.