पाठीवर उमटलेली आई

छपाईच्या शाईचा तेलकट वास आला की मला अकोल्यातली ती संध्याकाळ आठवते आणि अजूनही जिवाला गार वाटतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची ब्लूज गाणी, त्यातली कितीतरी कापसाच्या शेतात जन्मलेली, ऐकत ऐकत मी अमरावतीच्या माझ्या खोलीत लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ, जाड पट्टीच्या तुकड्यांवर चित्रं कोरली आणि शाई लावून कागदावर छापली. प्रत्येक चित्रात कमरेला ओटी बांधून कापूस वेचणारी माझी आई होती. आमच्या चित्रकलेच्या सरांनी ते कागद बघायला म्हणून नेले आणि अकोल्याच्या प्रदर्शनात स्वतःची सही करून लावले. पण सर रंगवणारे, छापणारे नव्हेत. कोरलेले लिनो माझ्याकडेच राहिलेत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. उद्घाटनाला मी त्यातला एक, शाईची डबी आणि रूळ पिशवीत घालून गेले. "तू काहून आली इथं?" दारातच सरांनी दबक्या आवाजात विचारलं. "तुमचे चित्रं पाहाले आली, सर," मी म्हणाले आणि मागच्या नळापाशी जाऊन लिनोवर काळी शाई फिरवली. पांढराशुभ्र झब्बा घातलेले सर समई लावायला वाकले, तसा मी तो त्यांच्या पाठीवर ठेवून दोन्ही तळहातांनी दाबला. "अवं माय, हे तं भितीवरचंच चित्र होय!" पहिल्या रांगेतली बाई ओरडली. "काय हाय पाठीवर?" म्हणत सर स्वतःभोवती फिरत राहिले, आणि साऱ्या सभागृहाला आई दिसत राहिली. झब्बा त्यांनी फेकला असेल; तो लिनो मी आजवर पुसलेला नाही.