बॉसपेक्षा एक नंबर खाली

"मी रिसर्च केलाय."

दुकानात शिरल्यावर सलाम नाही, हॅलो नाही. फोन काउंटरच्या काचेवर आपटायचा, गॉगल कपाळावर चढवायचा आणि हे वाक्य टाकायचं. असा एखादा तुमच्याही ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये असेलच. माझ्या वाट्याला तो गिऱ्हाईक म्हणून आला.

दुबईत शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात मी अकरा वर्षं उभा आहे. आमच्याकडे थर्मल स्कोप मिळतात. ही बंदुकीवर बसवायची दुर्बीण, पण ती उजेडावर नाही, अंगाच्या उष्णतेवर चालते. काळोखात जनावर पांढरं दिसतं, बाकी सगळं करडं. हे समजवायला मला दोन मिनिटं लागतात. याला समजवण्यात माझे सहा शनिवार गेले आणि तरी त्याला ते समजलं नाही.

जुमेरा लेक टॉवर्समध्ये कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. पहिला अर्धा तास माझ्याशी हिंदीत बोलला. मग माझ्या बिल्ल्यावरच्या आडनावातलं 'कर' दिसलं. "अरे, मराठी? कुठला?" मी म्हटलं, रत्नागिरी. "छान. मग आता नीट भाव सांग." झाली ओळख.

त्याचा बॉस साउथ आफ्रिकेत एका ओळखीच्या शेतावर रानडुकरांच्या शिकारीला जायचा. तिथे डुकरं मका फस्त करतात, शेतमालक परवाना काढून देतो, बंदूकही देतो. दरवर्षी बॉस ऑफिसातल्या दोघाचौघांना बरोबर नेई. या वर्षी याला बोलावणं आलं होतं. जन्मात याने बेचकीसुद्धा धरली नसावी. पण त्या दोघाचौघांत शिरलो की पुढची खुर्ची आपलीच, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. ते त्याने मला स्वतःच सांगितलं, तेही छाती काढून.

तर स्कोप कसा निवडायचा? लांब बघायचंय की जवळ, रान आहे की शेत, हे विचारतात शहाणी माणसं. याने विचारलं, "बॉसकडे हा आहे. मला याच्या एक नंबर खालचा दाखव. फार खालचा नको."

मला हसू आवरेना. म्हटलं, "सर, तिथे जनावर शंभर-दीडशे मीटरवर येणार. तुम्हाला कमी पटीने मोठं दाखवणारा चांगला. आजूबाजूचं दिसतं आणि समोर काय आहे ते ओळखू येतं. शिवाय स्वस्त आहे."

"स्वस्त?" त्याने नाक मुरडलं. "बॉस विचारतील की किती पडला. आणि यावर लिहिलंय, दोन किलोमीटर."

"दोन किलोमीटरवर काहीतरी गरम आहे एवढंच कळतं, सर. ते काय आहे ते नाही कळत."

"मी रिसर्च केलाय."

एकदा मुलीला घेऊन आला. बारा-तेरा वर्षांची, कंटाळलेली. याने स्कोप डोळ्याला लावून दुकानाच्या काचेतून पार्किंगकडे रोखला. मी सांगत होतो की काचेतून थर्मल चालत नाही, दाराबाहेर चला. ऐकतोय कोण. "दिसलं. माणूस आहे. जरा जाड आहे." मुलीने स्कोप हातातून घेतला, बघितलं आणि परत दिला. "डॅड, दॅट्स जस्ट यू." काचेत त्याचीच उष्णता परतून दिसत होती. त्या पोरीचा मला फार अभिमान वाटला.

सातव्या शनिवारी त्याने तोच घेतला, बॉसपेक्षा एक नंबर खालचा. "अकरा हजार दिरहम. म्हणजे अडीच लाख," असं शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

बिल करताना माझ्या ओठांवर एक गोष्ट आली होती. आमच्या वाडीत भातशेतीवर डुक्कर यायला लागलं की परवान्याची बंदूक असलेले एक चाचा शेतातल्या माळ्यावर राखणीला बसत. बसण्याआधी, संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर, ते घरोघर जाऊन हाक द्यायचे, "कुत्री बांधली का?" सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय बंदुकीला हात नाही. कारण डुकराची चाहूल कुत्र्याला आधी लागते, ते शेतात धावतं, आणि काळोखात दोघं सारखीच.

मी म्हटलं, "सर, तिथे गेल्यावर एक विचारा..."

"तू फक्त बिलिंग कर, यार. यल्ला, चल लवकर."

मी तोंड मिटलं. गेला उडत, म्हटलं मनात. सेटिंग लावून दिली, गोळी सुटली की आधीचे काही सेकंद आपोआप रेकॉर्ड होतील अशी, आणि पिशवी हातात दिली. खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं.

महिन्याभराने तो आला, कामाच्या दिवशी, दुपारी. फोन आपटला नाही. पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "यात एक व्हिडिओ आहे. तो डिलीट कसा करायचा?"

मी स्कोप चालू करून बघितला. करड्या शेतात एक पांढरा ठिपका. मोठा होत सरळ बंदुकीकडेच येत होता. डुक्कर माणसाकडे असं येत नाही. शेवटी-शेवटी तो ठिपका शेपूट हलवत होता. मग चित्र हललं आणि संपलं.

"बॉस म्हणाले, नाइस शॉट," तो म्हणाला. "जवळ जाईपर्यंत सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. मग शेतमालकाची बायको आली. तिने कुत्र्याला शालीत गुंडाळून नेलं. मला काही बोलली नाही. सकाळी मला चहा विचारला तिने."

माझ्याकडे त्याच्यासाठी एक खुर्चीही नव्हती. कॅम्पिंगचं घडीचं स्टूल उघडून दिलं. तो बसला आणि मी त्याला चाचांची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. ऐकून त्याने मान वर केली.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. तूच म्हणालास बिलिंग कर. शब्दन् शब्द लक्षात होता. पण मी ते म्हटलं नाही, कारण त्याच्या एका वाक्याने मी गप्प बसलो होतो, आणि चाचा घरोघर शिव्या खाऊनसुद्धा विचारत असत.

मी डिलीट दाबलं. स्क्रीनने विचारलं, नक्की? मी स्कोप त्याच्यापुढे धरला. त्याने बोट नेलं, मागे घेतलं. "राहू दे," म्हणाला. "विकून टाक हा." आणि स्कोप तिथेच टाकून गेला. त्यानंतर दुकानात आला नाही. फोन केला तर उचलत नाही.

तो माणूस मला आजही आवडत नाही. पोकळ होता, उद्धट होता. पण आता बिल करायच्या आधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, शेतावर गेलात की आधी विचारा, कुत्री बांधलीत का. लोक हसतात. कुणी म्हणतं, भाई, तू बिल बनाव. मी पुन्हा एकदा सांगतो, आणि ते हो म्हणेपर्यंत स्कोप हातातच धरून ठेवतो.

त्याचा स्कोप खालच्या खणात आहे. विकायचा तर व्हिडिओ पुसावा लागेल. दोनदा काढला, 'नक्की?'पर्यंत गेलो आणि परत ठेवला.