पाटलिणीला जोड

सौंदडच्या दुधराम कापगतेच्या घरी समुद्र आहे. खरा समुद्र गोंदिया जिल्ह्यातल्या या गावापासून शेकडो किलोमीटरवर, आणि दुधरामने तो जन्मात पाहिलेला नाही. पण पुढच्या खोलीत, जिथे एकेकाळी धानाची पोती रचलेली असत, तिथे आता चार फूट लांबीची काचेची टाकी आहे. टाकीत खारं पाणी, पाण्यात दगड, दगडांवर संथ हलणारी जिवंत प्रवाळं, आणि वर सकाळी दहाला आपोआप लागणारा निळा दिवा. पहिल्या वर्षी अर्धं गाव येऊन बघून गेलं. उरलेल्या अर्ध्या गावाने, खायच्या कामाचे नाहीत ते मासे कसले, असं म्हणून यायचे कष्टच घेतले नाहीत.

हा समुद्र प्रफुलचा, म्हणजे दुधरामच्या एकुलत्या एका मुलाचा. कोरोनाच्या वर्षी पुण्याच्या कंपनीचं ऑफिस बंद झालं आणि लॅपटॉप घेऊन तो दीड वर्ष घरी बसला. काम संपलं की करायचं काय, म्हणून त्याने ही टाकी मांडली. मग नेदरलँड्सची नोकरी लागली, तो बायकोला घेऊन निघाला आणि जाताना म्हणाला की सहा महिन्यांत टाकी विकून टाकू. देवकाबाईने, त्याच्या आईने, विकू दिली नाही. तोवर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांवर तिचा जीव जडला होता. या क्लाउनफिशमध्ये मोठी असते ती मादी, आणि ती आपल्या लहानग्या नराला दिवसभर दरडावत असते, हे प्रफुलने सांगितल्यावर देवकाबाईला भारी हसू आलं होतं. तिने मोठीचं नाव पाटलीण ठेवलं आणि लहान्याचं पाटील.

दुधरामला टाकीचं काम जड गेलं नाही. तो जातीचा कोहळी. या मुलखातले तलाव ज्यांच्या वाडवडिलांनी बांधले, त्यांच्यातला. तीस वर्षं तो गावच्या तलावाचा पाणकर होता. तलावाचं फाटक उघडायचं, एकेकाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाळीपाळीने पाणी सोडायचं, पाळी संपली की फाटक बंद. मग समोर सख्खा भाऊ का असेना. पाणी किती उतरलं ते तो पायरीवर बोटं टेकवून सांगायचा, आणि त्याच्या बोटांवर कोणी वाद घालत नसे. दुधराम पाण्याबद्दल खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन हिवाळ्यांमागे देवकाबाई गेली. ती गेल्यावर कळलं की बापलेकांत आजवर जे काही बोलणं झालं ते सगळं तिच्यामार्फत झालं होतं. तेरवी झाली, प्रफुल परत गेला, आणि दर रविवारी दुपारी एकला त्याचा फोन यायला लागला. जेवलात का, हाव, तब्येत, बरी, ऊन आहे का, आहे. इथे दोघांचंही बोलणं संपायचं. मग प्रफुल म्हणायचा, टाकी दाखवा. दुधराम फोन टाकीकडे वळवायचा, आणि मग पाच-सात मिनिटं बरी जायची. हळूहळू दर रविवारचा फोन एका रविवारआड झाला, मग महिन्यातून एकदा. प्रफुल वाईट मुलगा नव्हता. तिकडे कामाचा रगाडा असतो माणसाला. दुधराम स्वतःला हेच समजावायचा, आणि रविवारी एक वाजता मात्र दर वेळी फोन चार्जिंगवरून काढून हातात घेऊन बसायचा.

मग मे महिना आला. सौंदडचा मे सांगायला नको. टाकीचं पाणी तापू नये म्हणून दुधरामने वर पंखा लावून ठेवला, तसं पाणी रोज दोन-दोन बोटं उतरायला लागलं. जे पाणी गेलं तेच भरायचं, हे पाणकराच्या हाडात मुरलेलं. त्याने ड्रममध्ये मीठ कालवलं आणि उतरलं तेवढं खारं पाणी रोज टाकीत ओतलं. महिनाभर, न चुकता, मोठ्या निगुतीने. प्रवाळं आक्रसली. पाटील एका सकाळी तळाशी आडवा दिसला.

दुधरामने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून परदेशात फोन लावला. प्रफुलने खारेपणा मोजायला लावला, आकडा ऐकला. मग समजावलं, "बाबूजी, उन्हाने फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. उतरलेलं पाणी गोडच भरायचं असतं." तीस वर्षं पाणी वाटलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तलावात कोणी मीठ घालत नाही, तर ठाऊक असणार कुठून? पण पाटील मेला तो आपल्या हाताने, हे काही केल्या मनातून जाईना.

रागावणं राहिलं बाजूला, प्रफुलने त्या आठवड्यात पाच फोन केले. सकाळी आकडा विचारला, संध्याकाळी विचारला, खारेपणा हळूहळू कसा उतरवायचा ते सांगितलं. एकदा तर अर्धा तास बोलला, त्यात दहा मिनिटं आईच्या आठवणी निघाल्या. दुधरामला इतक्या दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. खारेपणा जागेवर आला. फोन पुन्हा रविवारवर आले. आता ते पुन्हा महिन्यावर जाणार, हे दुधरामला तलावाची पायरी दिसावी तसं स्वच्छ दिसत होतं.

तेव्हाच प्रफुल म्हणाला, पाटलीण एकटी पडली आहे, तिला जोड शोधू. पण सांभाळून. एकटी राहिलेली मादी टाकी आपलीच समजते, नव्या माशाला चावून चावून मारते. तिच्याशी जुळेल असाच पाहावा लागेल.

पहिल्या खेपेला दुधराम पॅसेंजरने गोंदियाला गेला. तिथे खुशालचं माशांचं दुकान आहे. समोरच्या काचांत सगळे गोड्या पाण्यातले, समुद्रातले तो मागवून देतो. खुशालने सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाक्यांत निकाल लावला. त्याच जातीचं अगदी लहान पिल्लू ठेवा, लहान्याला ती मारत नाही, नवरा करून घेते. आठ दिवसांत आणून देतो.

परतीच्या गाडीत दुधराम खिडकीशी बसला आणि हिशेब करत राहिला. आठ दिवसांत पिल्लू येणार, जोड जुळणार, आणि मग प्रफुलने फोन करायचा कशासाठी? रविवारी त्याने मुलाला सांगितलं की खुशालकडे लहान क्लाउन नाही, केव्हा येईल त्याचा भरवसा नाही. पाण्याबद्दल बोटभर खोटं न बोललेल्या माणसाने बोललेलं हे पहिलं खोटं. फोन ठेवल्यावर त्याचे कान तापले होते.

पण पुढच्या रविवारी फोन आला. प्रफुलने आठवडाभर वाचून सोबतीला चालतील अशा दुसऱ्या जातींची नावं काढली होती.

मग फोनवरच सुरू झाली पाहणी. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात वरपक्षाने काढली नसेल इतकी खोट दुधरामने काढली. पिवळ्या टँगचं नाव आलं, तर म्हणे याला पोहायला सहा फूट लागतात, आपली टाकी चार फुटांची. निळ्या रेघांचा, रास जातीचा मासा आला, तो दिसायला देखणा पण स्वभावाने गुंड निघाला. मग नक्षीदार मँडरीन. तो बारीक जिवंत किडे सोडून काही खात नाही, आपल्याकडे उपाशी मरेल. मग लाल शेपटीचा गोबी, शांत, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यात दुधरामला खोट सापडेना. शेवटी प्रफुलनेच सांगितलं की तो घाबरला की टाकीबाहेर उडी मारतो, आणि दुधरामने सुटकेचा निःश्वास टाकला. जाळी लावता येते हे त्याला माहीत होतं. तो बोलला नाही.

जून गेला, धानाची रोवणी गेली, पोळा गेला. एकही रविवार रिकामा गेला नाही. दुधराम आठवडाभर खोट शोधायचा, मुलगा आठवडाभर मासा शोधायचा. पाटलीण कोपऱ्यातल्या दगडाआड एकटी उभी असायची. देवकाबाईच्या बोटाशी येणारा हा मासा त्याच्या बोटाशी येत नसे. तिला पाहून त्याला वाटायचं, हिच्या एकटेपणावर आपण जगतो आहोत. आणि तरी तो पुढच्या रविवारची वाट पाहायचा.

अशा वेळी त्याला यशोदाबाई आठवायची. तलावाच्या शेवटच्या टोकाला तिची एकच बांधी होती, आणि घरात ती एकटी. दर साली पाळी संपली की तिचा निरोप यायचा, माझ्या बांधीत पाणी पोचलं नाही. दुधराम चालत जायचा. बांधी काठोकाठ भरलेली असायची. तो पाण्यात बोटं बुडवायचा आणि म्हणायचा, "हाव बाई, कमीच आहे. उद्या मी येऊन पायतो." मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून तिच्या हातचा चहा प्यायचा. प्रफुल आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा सोबत होता. वाटेत त्याने विचारलं, भरली होती ना बांधी, मग खोटं काऊन बोलले? दुधराम म्हणाला होता, "तिले पानी नोको होतं बापा." याहून जास्त त्याने काही सांगितलं नव्हतं. म्हणजे खोटं तो आधीही बोलला होता. पण ते दुसऱ्यासाठी होतं. हे स्वतःसाठी होतं, आणि म्हणून झोंबत होतं.

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, तेव्हा खुशालचा फोन आला. तुमचा मासा आला आहे, घेऊन जा. कोणता मासा, मी तर सांगितला नाही, असं विचारत दुधराम गोंदियाला पोचला. खुशालने थर्माकोलचा डबा पुढे केला. आत पिशवीत बोटाच्या पेराएवढं नारिंगी पिल्लू.

"प्रफुलभैय्या का फोन आया था," खुशाल सहज बोलला. "नेट पे नंबर मिला बोले. मैंने बता दिया, छोटा तो आठ दिन में आ जाता है, काका ही नहीं मंगाते. पहले दिन ही बोला था उनको."

डबा मांडीवर घेऊन दुधराम गाडीत बसला. बाहेर कापणी झालेल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. मुलाला कळलं. पाच महिने बाप आपल्याला फिरवत होता, हे सातासमुद्रापलीकडे बसलेल्या मुलाला एका दुकानदाराकडून कळलं. रविवारी तो काय बोलेल? आणि त्याहून वाईट म्हणजे, काही बोललाच नाही आणि नुसताच दूर गेला तर?

तरी काम त्याने नीट केलं. पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब सोडलं. पिल्लाला भोकं पाडलेल्या डब्यात घालून डबा टाकीत अडकवला, म्हणजे पाटलिणीला ते दिसेल पण चावता येणार नाही. सोमवार ते शनिवार. शनिवारी सकाळी त्याने डब्याचं झाकण काढलं आणि खुर्ची ओढून बसला. खरं सांगायचं तर त्याला वाटत होतं की यांनी भांडावं. मरू नये कोणी, पण थोडं भांडावं. पाटलीण सरळ पिल्लावर धावून गेली. पिल्लू तिच्यासमोर आडवं झालं आणि अंगभर थरथरलं. ती थांबली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि आपल्या दगडाकडे निघाली. पिल्लू तिच्या मागे मागे गेलं. झालं. पाच महिन्यांचा घोळ दोन मिनिटांत मिटला, आणि दुधरामला आपण पाटलिणीला उगाच इतके दिवस एकटं ठेवलं याचं वाईट वाटलं. लहानाचं नाव ठेवायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी एकच्या ठोक्याला फोन वाजला. जेवलात का, हाव, तब्येत, बरी. खुशालचं नाव प्रफुलने काढलं नाही. त्याने विचारलं, "जमलं का त्यांचं?"

दुधरामने टाकीकडे पाहिलं. हो म्हटलं की पाळी संपली.

"नाई," तो म्हणाला. "भांडून राहिले."

"दाखवा."

आता इलाज नव्हता. त्याने फोन वळवला. निळ्या उजेडात पाटलीण दगडाशी उभी होती आणि तिच्या पोटाखाली, तिला चिकटून, ते पेराएवढं पिल्लू डुलत होतं. दोघं इतकी निवांत होती की आंधळ्यालाही दिसलं असतं.

पडद्यावर बघायची दुधरामला हिंमत होईना, म्हणून तो तसाच फोन टाकीपुढे धरून उभा राहिला.

मग प्रफुल बोलला. पुण्याला गेल्यापासून बापाशी त्याने जी कधी वापरली नव्हती, त्या घरच्या बोलीत.

"हाव बाबूजी. लय भांडून राहिले. पुढच्या आयतवारी पुन्हा पायतो मी."