करंजीची अपघात-चाचणी

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी कोवळी होते, एकसष्ट वर्षांची, आणि मला सगळं येत होतं. आता बरंच विसरले आहे, त्यामुळे जरा शहाणी झाले आहे.

माझी नात तेव्हा आठवीत होती. शाळेत विज्ञानाचा प्रकल्प मिळाला. धडक बसली तरी आतला प्रवासी वाचेल अशी छोटी गाडी बनवायची. प्रवासी म्हणजे एक कच्चं अंडं. गाडी उतरणीवरून सोडायची, खाली विटांवर आपटू द्यायची, आणि अंड्याला तडा जाता कामा नये. शुक्रवारी वर्गात सराव, सोमवारी खरी परीक्षा.

पोरीनं मला आधीच बजावलं, "आजी, या वेळी मी करणार. तू फक्त बघायचं."

याला कारण होतं. आदल्या वर्षी तिचा ज्वालामुखी मी केला होता. असा सुरेख केला होता की बाईंना संशय आला. त्यांनी विचारलं, हा लाव्हा वर का येतो, तर पोर गप्प. शून्य मिळालं ते मिळालंच, वर तिच्या हिंदी शाळेतल्या मुलींनी तिचं नाव पाडलं, 'दादी का प्रोजेक्ट'. वर्षभर तेच. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खायची, हे मला फार उशिरा कळलं. या वेळी तिला स्वतःचं काहीतरी घेऊन वर्गासमोर उभं राहायचं होतं.

"बघेन की," मी म्हटलं. आणि पंधरा मिनिटं बघितलंसुद्धा.

मग मला राहवेना. ती पुठ्ठा कापत होती.

"पुठ्ठ्याची गाडी? अगं, एका धडकेत चुरगळेल ती!"

"चुरगळू दे ना. मी बघते काय होतं ते."

"बघायचं काय त्यात? सरक तिकडे."

बी.एस्सी.ला मी फिजिक्समध्ये दुसरी आले होते. वर्गात आम्ही दोघीच होतो, हे मी कोणाला सांगत नसे.

आमचं घर गंगेकाठी, दुर्गाघाटावर. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहायचं. मोटार दारात येण्याचा प्रश्नच नाही. मी स्वतः मोटारीत बसले असेन दहा-बारा वेळा, त्यातही डोळे मिटून. पण त्या एकसष्ट वर्षांच्या बाईनं मोटारींच्या सुरक्षेचा सिद्धांत तिथल्या तिथे मांडला. गाडी मोडली नाही, की आतला माणूस वाचला. झालं! मोडक्या पाटाची फळी, तिला चारी बाजूंनी तेलाच्या डब्याचा पत्रा, पत्र्याला खिळे, आणि चाकांना बूटपॉलिशच्या डब्यांची झाकणं. तयार झाली तेव्हा उचलायला दोन हात लागत होते.

राहिला प्रवासी. आमचे हे पुरोहित. महाराष्ट्रातून यजमान येतात, त्यांची श्राद्धं-पिंडदानं करतात, आणि मग ती मंडळी आमच्याकडेच जेवतात. मी सोवळ्यात रांधते. अशा घरात अंडं आणायचं? आम्ही तो शब्दसुद्धा हळू उच्चारतो.

"मग टेस्ट कशी करायची?" नात म्हणाली.

नुकतीच दिवाळी झाली होती. मी फराळाचा डबा काढला. "ही करंजी. वरून नाजूक, आत भरलेली. अंड्याची सख्खी बहीण म्हण."

"आजी, करंजी वेगळी, अंडं वेगळं."

"माझी करंजी अंड्याहून नाजूक असते. कोणालाही विचार."

चौकात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जेवणाचा पाट तिरपा टेकवला. खाली भिंत म्हणून मसाला वाटायचा दगडी पाटा उभा केला. करंजी गाडीत बसवली आणि दिली सोडून. असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरून हे ओरडले, "काय पडलं?"

करंजीला ओरखडासुद्धा नाही.

परत सोडली. परत तेच. चौथ्या पायरीवरून, पाचव्या पायरीवरून. बारा वेळा आपटली आणि बारा वेळा करंजी जशीच्या तशी. मी वहीत बारा बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली दोन रेघा ओढल्या. नात सारखी म्हणत होती, "एकदा बाहेर जाऊन खरं अंडं घालून बघू या ना, आजी." मी म्हटलं, "बारा वेळा पास झालेल्याची तेरावी परीक्षा कोण घेतं?"

शुक्रवारी ती शाळेतून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. गणवेशावर पिवळा ओघळ वाळला होता. मी नळाखाली तिला उभं केलं, डोक्यावरून पाणी घातलं, कपडे वेगळे भिजवले. केस पुसताना मीच विचारलं, "फुटलं का गं?"

"पहिल्याच धडकेत. गाडीला काहीच झालं नाही. सगळ्या हसल्या. दादी का टँक म्हणाल्या."

"पण बारा वेळा…"

तिनं टॉवेल बाजूला केला. "आजी, तू गाडीची टेस्ट घेतलीच नाहीस. तू तुझ्या करंजीची घेतलीस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे संध्येची पळी-पंचपात्री पुसण्यात एकदम मग्न झाले.

"अहो, माझी करंजी कडक असते?"

"कडक असं नाही," हे म्हणाले. "पण मी दुधात भिजवून खातो ना."

"तुम्हाला तशी आवडते म्हणून!"

"आवडायला लागली गं. चाळीस वर्षं झाली."

मग एकेक आठवायला लागलं. यजमान म्हणायचे, "काकू, दोन बांधून द्या, प्रवासात खाऊ." माझी धाकटी जाऊ म्हणायची, "तुमच्या करंज्यांना काही होत नाही बाई." मी या सगळ्याला कौतुक समजत आले होते. म्हणजे दोन गोष्टी पणाला लागल्या असताना मी नेमकी चुकीची एक जपत बसले होते. करंजीची अब्रू तर गेलीच होती. पोरीची सोमवारी जाणार होती.

शनिवारी सकाळी मी डोक्यावरून शाल घेतली आणि नातीला म्हटलं, "चल." गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आलो. तिथे एक अंडेवाला ठेला लावतो. तो मला रोज मंदिरात जाताना बघणारा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

"का माताजी, रास्ता भूल गइलू?"

"छह दे दो. खाने के लिए नहीं है."

"सब यही कहते हैं, माताजी," तो म्हणाला आणि कागदाच्या दोन पुड्यांत गुंडाळून दिली.

घरी न जाता आम्ही घाटावर गेलो. पायऱ्यांवर कोवळं ऊन होतं. नातीनं दप्तरातून तिची पुठ्ठ्याची गाडी काढली, रात्री गुपचूप पुरी केलेली. मी हात पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "आजी, तू अंडी धर."

मग मी पायरीवर अंडी मांडीत घेऊन बसले. आमच्या सात पिढ्यांत असं कोणी बसलं नसेल.

पायऱ्यांवर फळी तिरपी लावून तिनं गाडी खालच्या दगडी भिंतीवर सोडली. पहिलं अंडं फुटलं. नातीनं चुरगळलेला पुठ्ठा निरखून पाहिला आणि म्हणाली, "पुढचा भाग दबला तेव्हा गाडी जरा हळू थांबली. अजून दबायला पाहिजे." ती इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, घरात द्रोण आहेत ना? यजमानांचे?" धावत जाऊन पानांच्या द्रोणांची चळत घेऊन आली. सहा द्रोण एकात एक, मध्ये थोडी थोडी जागा ठेवून, गाडीच्या नाकावर बांधले. धडक बसली, द्रोण कुरकुरत दबले, गाडी थांबली. अंडं मात्र उडून बाहेर पडलं.

"पट्टा पाहिजे," ती म्हणाली. "रुंद. मऊ."

मला तोंड उघडायचं नव्हतं, पण माहिती होतं. ह्यांचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. मी नुसतं म्हटलं, "आजोबांच्या ट्रंकेत बघ." याला मदत म्हणत नाहीत, दिशादर्शन म्हणतात. तिसरं अंडं त्या धोतराच्या पट्टीत बांधलं. गाडी सुटली, आपटली, द्रोणांचा चुरा झाला. नातीनं पट्टी सोडली आणि अंडं उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच हसली.

उरलेल्यांतलं एक आणखी फुटलं, दोन वाचली. अंड्याचे हात आम्ही दोघींनी गंगेत धुतले. समोर गंगा असली की प्रायश्चित्ताची वेगळी सोय करावी लागत नाही.

सोमवारी मी दुपारपासून ओट्यावर बसून होते. ती आली, ती सांडाला वळसा घालून, उड्या मारत.

"वाचलं?"

"पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा एक बारीक तडा गेला. पण बाईंनी विचारलं तडा का गेला, तर मी सांगितलं. द्रोण एकदा दबले की दबले, दुसऱ्यांदा नवे लावायला पाहिजेत. त्या म्हणाल्या, बरोबर." तिनं श्वास घेतला. "आजी, मधल्या सुट्टीत दोन मुली माझ्यासोबत डबा खायला आल्या."

मी उठून आत जायला निघाले, कारण डोळे भरले होते आणि मला ते तिला दिसू द्यायचे नव्हते. पण स्वभाव कुठे जातो? दारातून वळून विचारलंच, "माझं नाव घेतलंस का गं कुठे?"

"घेतलं ना." तिनं दप्तरातून प्रकल्पाची वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. 'मदत' असं लिहिलेल्या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्याखाली 'प्रयोगातील चुका', आणि त्यात तिच्या गोल अक्षरात पहिलीच ओळ: प्रवासी म्हणून दादीची करंजी वापरली. ती फुटत नाही.

बाजूला बाईंनी लाल शाईनं 'बहुत अच्छा' लिहिलं होतं.

मी ते पान यजमानांना दाखवते अजून. जेवणं झाल्यावर, करंज्या वाढायच्या आधी.